बेडकाच पडत नाही: खारा वाफारा की दुर्बीण?
महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. पण डबीत पडते ती नुसती लाळ. मग टीबीचं निदान करायचं कसं?

खाऱ्या वाफाऱ्यात 3 ते 5 टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरमधून ओढायचं. घट्ट कफ सैल होतो, उबळ येते आणि तो सुटतो. भूल नाही, खर्च थोडा, उद्या पुन्हा करता येतं. दम्याच्या रुग्णाला मात्र जपावं लागतं.

दुर्बीण म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी, श्वासनळीतून फुप्फुसात घालायची कॅमेऱ्याची नळी. तिच्यासाठी उपाशी राहायचं, घसा बधिर करून घ्यायचा. नळी थेट डागाच्या जागी नेऊन तिथे 100 मिलीच्या वर सलाईन थोडं थोडं सोडतात आणि परत ओढतात. निम्मंच हाती येतं, गढुळलेलं, वर फेस. यात जंतू विरळ झालेले असतात. सूक्ष्मदर्शकाला मिलीमागे हजारो जंतू लागतात, म्हणून तिथे ‘निगेटिव्ह’ आलं तरी टीबी नाही असं धरून बसू नका. त्याच पाण्याचं सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) दोन्ही करून घ्या. पहिलं यंत्रात दोनेक तासांत होतं, दुसऱ्याला सहा आठवडेही लागतात.

मी आधी वाफाराच सुचवेन. कॅन्सरची शंका असेल, तर मात्र दुर्बीण लांबवू नये. गाठीचा तुकडाही तेव्हाच घेता येतो. आणि दुर्बिणीनंतर खोकल्यातून पडणारा बेडका कृपा करून फेकू नका, तोही तपासायला द्या. कधी कधी जंतू त्यातच सापडतात.