शहात्तराव्या वर्षी स्तनाची गाठ: ऑपरेशन, लाईट की नुसती गोळी?

आत्याच्या रिपोर्टमध्ये कामाच्या गोष्टी तीन. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काख मोकळी (आजार तिथे पोचलेला नाही), 'ईआर पॉझिटिव्ह' (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी). तिची जुनी फाईल मात्र जाडजूड: वीस वर्षांची शुगर, बीपी, हृदयात एक स्टेंट. घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "या वयात चिरफाड कशाला?" दुसरा म्हणे, "जे जे असेल ते सगळं करा." दोघांचीही नजर वयावर, स्टेंटकडे कुणाचंच लक्ष नाही.

खालची तुलना फक्त अशाच गाठीपुरती आहे. ईआर निगेटिव्ह किंवा पसरलेल्या गाठीचा हिशेब वेगळा.

नुसती गोळी. लेट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, 2.5 मिलिग्रॅम, रोज एक. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. घरच्यांना हाच मार्ग सोपा वाटतो, आणि काही महिन्यांत गाठ बारीकही होते. पण ती असते तिथेच. दोन-तीन वर्षांत ती गोळीला दाद देईनाशी होऊ शकते. मग ऑपरेशन आलंच, तेही तोवर हृदय आणखी थकलेलं असताना. हृदय फारच कमजोर असेल, डायलिसिस चालू असेल, तर मी हाच मार्ग धरेन. चालत्या-फिरत्या बाईसाठी नाही.

ऑपरेशन आणि गोळी. स्तनाच्या ऑपरेशनला लोक उगाच पोटाच्या ऑपरेशनच्या रांगेत बसवतात. इथे छाती-पोट उघडत नाहीत, रक्त कमी जातं, पेशंट लवकर उठून फिरतो. पूर्ण भूल झेपणार नसेल तर ती जागा बधिर करूनही करता येतं. खरी मेख स्टेंटची: तो कधी बसवला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवता येतील का. आमच्या सर्जननी "पाच दिवस बंद" लिहून दिलं आणि हृदयाच्या डॉक्टरांना पत्ताच नव्हता. त्या दोघांचं फोनवर बोलणं आम्हीच घडवून आणलं. ते तुम्हालाही करावं लागेल, असं धरूनच चला.

ऑपरेशन, लाईट आणि गोळी. लहान गाठ काढल्यावर स्तन ठेवला, तर पुढे लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायची हा सर्वसाधारण नियम. सत्तरीपुढच्या 636 बायकांवर अमेरिकेत याची चाचणी झाली. हार्मोनची गोळी (तेव्हा टॅमॉक्सिफेन) सगळ्यांनाच होती. दहा वर्षांत त्या बाजूला किंवा काखेत आजार उलटला तो लाईट घेतलेल्यांत शंभरात 2 जणींना, न घेतलेल्यांत 10 जणींना. किती वर्षं जगल्या, यात फरक पडला नाही. मला थांबवलं ते दुसऱ्याच आकड्याने: साधारण साडेबारा वर्षांच्या पाहणीत 334 जणी गेल्या, त्यातल्या या कॅन्सरने फक्त 21. बाकीच्यांना नेलं दुसऱ्याच कारणांनी. म्हणजे आत्याच्या फाईलमधली शुगर आणि स्टेंट या गाठीपेक्षा कमी धोक्याचे नव्हते.

तरी लाईट सरसकट बाद करू नका. पूर्वी पाच आठवडे जायचे; आता तीन आठवड्यांत, काही ठिकाणी पाच बैठकांतही काम होतं. डाव्या बाजूला हृदय जवळ, तेव्हा श्वास रोखून लाईट देतात का, विचारा. आणि गोळी सोसत नसेल, सांधे धरत असतील, तर लाईट न घेण्याचा आधारच जातो.

केमो अशा गाठीला बहुतेकदा लागतच नाही. कुणी सुचवलीच, तर तिच्याबरोबरच्या स्टेरॉइडने शुगर किती चढेल आणि त्यातलं औषध हृदयाला चालेल का, एवढं विचारून घ्या.

ठरवण्याआधी वृद्ध पेशंटची वेगळी तपासणी मिळाली तर सोडू नका. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी क्लिनिक आहे. जेवण, वजन, स्मरणशक्ती, चालणं, किती गोळ्या चालू आहेत, सगळं बघतात. आत्याच्या डब्यात अकरा गोळ्या निघाल्या. दोन तर एकच औषध, नावं फक्त वेगळी.

आत्याने ऑपरेशन आणि गोळी घेतली, लाईट नाही. एक चूक आमची झाली. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, आधी करायचा असतो. आम्ही तो चार महिन्यांनी केला.