तळघरातल्या शेल्फसाठी मरीन प्लाय की फणसाचं लाकूड?

आमचं डिचोलीचं घर उतारावर, त्यामुळे खालची खोली अर्धी जमिनीत, चिऱ्याची भिंत पावसात अशी ओल ओढते की हात लावला तर थंडगार लागते. तिथे मी दोन्ही वापरून बघितलंय.

फणसाचं लाकूड मला मनापासून आवडतं, रंधा मारला की पिवळंधमक निघतं आणि वर्षागणिक तांबूस होत जातं, पण जुलैत फळी आडवी फुगते, माझा ड्रॉवर गणपतीपर्यंत उघडलाच नाही, म्हणून ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिमी फट सोडाच. आणि लाकूड नीट सुकलेलंच घ्या, ओलं घेतलंत तर पीळ पडणार.

प्लाय फुगत नाही फारसा, फक्त शिक्का आयएस ७१० चा बघा, तो मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक; ३०३ वाला म्हणजे साधा घरगुती प्लाय, तो तळघरात नको. पण कापलेली कड उघडी ठेवू नका हां, पाणी तिथूनच शिरतं, प्रायमर मारून मगच पट्टी लावा.

मी सांगेन, सांगाडा आणि मागची बाजू प्लायची, दर्शनी फळ्या फणसाच्या. काहीही केलंत तरी शेल्फ भिंतीपासून दोन इंच लांब ठेवा, वाळवी आधी भिंतीला टेकलेल्या बाजूलाच लागते.