मोटरच्या रोटरसाठी (फिरणाऱ्या भागासाठी) समेरियम कोबाल्टचं मॅग्नेट घ्यावं की डिस्प्रोशियमवालं निओडिमियमचं?

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, सोलर पंपाच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरी करतो, बहुतेक निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात. साधं एन ग्रेड निओडिमियम ८० डिग्रीच्या वर भरवशाचं नाही हे मोटरवाल्यांना माहीतच असेल, म्हणजे प्रश्न समेरियम कोबाल्ट आणि उष्णता सोसावी म्हणून डिस्प्रोशियम धातू घातलेलं निओडिमियम या दोघांतलाच. मी दोन्ही वापरलीत.

उष्णतेत समेरियम कोबाल्टला तोड नाही. त्यातल्या २:१७ प्रकाराचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व टिकत नाही ते, ८०० डिग्रीच्या आसपास, निओडिमियमचं ३१० च्या आसपास. शिवाय गंजायची भीती जवळपास नाहीच. मी वर्षभर तेच घेत होतो आणि मॅग्नेटचा जोर उतरला म्हणून एकही मोटर परत आली नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण टवके! रोटरवर बसवताना मॅग्नेट लोखंडाकडे झेपावतं, बोट जरा ढिलं पडलं की खट्ट, आणि कडेचा टवका गेला. तो खाली पडला असता तर एक वेळ चाललं असतं, पण तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा स्वतःच चुंबक, शेजारच्या मॅग्नेटच्या कडेला उभा चिकटतो, फडक्याने पुसला तर नुसता सरकतो, निघत नाही. मुलांची खेळायची क्ले दाबून दाबून आम्ही ते काढायचो. एका रोटरवर असा एक तुकडा राहिला, तो स्टेटरला (मोटरच्या स्थिर भागाला) घासायला लागला, आणि ओझरच्या बागेतली मोटर ऐन पाण्याच्या पाळीत किरकिर करत परत आली. त्या शेतकऱ्याचा चेहरा अजून आठवतो. समेरियम कोबाल्टमध्ये ऑक्साइड मिसळून धातूचे आतले सूक्ष्म कण बारीक ठेवायचे आणि मजबुती वाढवायची असे प्रयोग झालेत, पण माझ्या हातात आलं ते ठिसूळच.

निओडिमियममध्ये डिस्प्रोशियम दोन तऱ्हेने देतात. सगळ्या मिश्रधातूत घातलं तर उष्णता सोसतं, पण डिस्प्रोशियमचं चुंबकत्व मिश्रधातूतल्या लोखंडाच्या उलट दिशेला लागत असल्याने जोर थोडा घटतो. दुसरी तऱ्हा डिफ्यूजनची, म्हणजे पृष्ठभागावर डिस्प्रोशियम नाहीतर टर्बियम (तशाच कामाचा दुसरा धातू) लावून ९०० डिग्रीच्या आसपास भट्टीत ठेवायचं, ते मॅग्नेटच्या आतल्या सूक्ष्म कणांच्या सीमांवरून आत झिरपतं आणि प्रत्येक कणाभोवती कवच धरतं. चुंबकत्व उलटायला सुरुवात कणाच्या कडेपासूनच होते, त्यामुळे तेवढी कड पक्की झाली की पुरतं, जोर फारसा जात नाही. फक्त ते काही मिलिमीटरच आत जातं, जाड ठोकळ्याला उपयोग नाही. आमची मॅग्नेटं ४ मिलिमीटरची, म्हणून जमलं.

मी निओडिमियमचा एसएच ग्रेड घेतो, म्हणजे १५० डिग्रीपर्यंत चालणारा. मोजमाप नाही केलेलं, पण समेरियम कोबाल्टपेक्षा टवके कमी उडतात, क्लेचा डबा आता क्वचित उघडतो. पुरवठ्याचं म्हणाल तर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीवर बंधनं आणली त्यात समेरियम, डिस्प्रोशियम, टर्बियम तिन्ही आहेत, तिथे दोघं सारखेच.

तुमची मोटर २०० च्या वर चालणार असेल तर माझं ऐकू नका, समेरियम कोबाल्टच घ्या. आणि निओडिमियम घेतलंत तर निकेलच्या कोटिंगला ओरखडा आहे का ते ग्लू लावायच्या आधी उजेडात धरून बघा, तिथूनच गंज आत शिरतो.