बीच की अंजनी?

युरोपातल्या रानाचे फोटो बघून कोल्हापूरचे ट्रेकर हळहळतात, असलं झाड दाजीपूरच्या जंगलात पाहिजे होतं. बीच या युरोपीय झाडाचा रुबाब आहेच: गुळगुळीत राखाडी खोड, ३०-४० मीटर उंची, आणि खाली इतकी गडद सावली की इतर जातींची रोपं क्वचितच तग धरतात. त्याची स्वतःची रोपं मात्र त्याच अंधारात वर्षानुवर्षं थांबतात आणि वरचं झाड पडलं की उसळी घेतात. काही वर्षांनी एकदा बियांचा सुकाळ होतो, तेव्हा रानडुकरांची चैन.

आपल्या सह्याद्रीतलं अंजनीचं झाड त्यापुढे बुटकं, वाकडंतिकडं. पण बीच हिवाळ्यात पानं गाळतो, अंजनी बारमाही हिरवी. जांभ्याची पातळ माती, घाटमाथ्याचा धो-धो पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे महिने, सगळं ती सोसते. बीचला दुष्काळ झेपत नाही, शिवाय थंडीही लांबलचक लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं येतात, मधमाश्यांची झुंबड उडते. तेव्हा मला तरी बीच आठवत नाही.

फर्निचरला बीच सरस. अंजनीचं लाकूड कठीण, पण फळ्या निघतील एवढा घेर क्वचितच. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्यात तर तोडायचा प्रश्नच नाही.