वर्गात एआय: आठ महिने वापरल्यानंतर

कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. नोकरीचं हे १९वं वर्ष. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकसभेत ठरलं की या वर्षी प्रत्येकाने एआय वापरून बघायचं. तेव्हापासून एक मोफत चॅटबॉट रोज फोनवर वापरते आहे. नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे तीन-चार वेगवेगळे वापरले गेले आणि अनुभव थोड्याफार फरकाने सारखेच आले.

आधी कामाला आलं ते सांगते. घटक चाचणीची कृतिपत्रिका काढण्यात माझा अख्खा रविवार जायचा. आता अपठित उतारा मीच निवडते, टाइप करून देते आणि त्यावर आकलनाच्या १५ कृती मागते. त्यातल्या सहा-सात घेण्यासारख्या निघतात. सहलीचं पालकांना पत्र, सभेचं इतिवृत्त, सूचना हे तर पाच मिनिटांत होतं. निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात ज्याचे तास जातात, त्या शिक्षकाला वाचलेल्या वेळाचं मोल वेगळं सांगायला नको.

व्याकरणाला मात्र हात लावू देऊ नका. दहावीसाठी द्वंद्व समासाची उदाहरणं मागितली तर ‘मीठभाकर’ इतरेतर द्वंद्वात टाकला, विग्रह ‘मीठ आणि भाकर’. मीठ, भाकर आणि तसलंच साधं खाणं असा अर्थ आहे, म्हणून तो समाहार द्वंद्व. चूक दाखवली तर लगेच माफी मागितली. पण त्याने ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक द्वंद्व बरोबर ओळखला होता, तिथे मी नुसतं ‘नक्की का?’ विचारलं, तर तेही उत्तर बदललं. ज्याला समास येतो त्याच्या हे लक्षात येईल. ज्याला शिकायचा आहे त्या मुलाने काय करायचं? भुजंगप्रयात वृत्तातली ओळ मागितली तर एकदा ११ अक्षरांची आली, एकदा १३. हवीत १२, चार ‘य’ गण. ही साधनं शब्द अक्षरं मोजत वाचत नाहीत, तुकड्यांनी वाचतात, आणि ती ज्या मजकुरावर शिकली त्यात मराठी इंग्रजीच्या मानाने फार थोडी.

शिक्षक एआयला घाबरतात, जुन्या पिढीला नको असतं, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. आमच्या शिक्षकखोलीत उलट चित्र आहे. सगळ्यात जास्त वापरतात त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या इतिहासाच्या बाई. त्यांनी पहिल्या रेल्वेबद्दल विचारलं तर १६ एप्रिल १८५३ ही तारीख बरोबर आली, पण गाडी कल्याणपर्यंत नेली होती. ती बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली, कल्याणला रूळ १८५४ मध्ये पोहोचले. बाईंनी तेच उत्तर फळ्यावर लिहून आठवीला चूक शोधायला लावली. मुलं तुटून पडली. याउलट गणिताचे सर तिशीतले, संगणकात हुशार, पण वर्गात अजिबात वापरत नाहीत. ते म्हणतात, “मुलगा कुठे अडला ते मला त्याच्या खाडाखोडीत दिसतं. स्वच्छ उत्तर घेऊन मी काय करू?” मला दोघांचंही पटतं. दोघांना आपल्या विषयात काय जपायचं ते नेमकं ठाऊक आहे.

माझ्या विषयात ते निबंधात आहे. जुलैत नववीला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ घरून लिहून आणायला सांगितला. अकरा वह्यांत मातीचा सुगंध आणि पिसारा फुलवून नाचणारा मोर. त्यातली चार मुलं विटाव्याची, जिथे रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की रिक्षा बंद होतात. त्या मुलांच्या वहीत ते पाणी नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. कोणी यंत्राकडून लिहून घेतलं हे ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतलं. म्हणून मी कोणाला विचारलं नाही, ओरडले नाही. त्याच तासाला कागद वाटले आणि सांगितलं, काल शाळेतून घरी कसे गेलात ते लिहा. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण एका मुलीने चपला हातात घेऊन पूल कसा पार केला ते असं लिहिलं की मी ते दोनदा वाचलं. आता निबंध वर्गातच, हाताने.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. पहिल्या सत्राच्या शेवटी आठवीच्या वर्णनात्मक नोंदींसाठी मी मुलांची नावं आणि घरची परिस्थिती चॅटबॉटला दिली. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं बालक मानली आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे नंतर वाचलं. शिवाय नोंदी आल्या त्या ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ अशाच. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलालाही तीच. पूर्वी तयार नोंदींच्या पुस्तकातून उतरवायचो, त्याहून वेगळं काहीच नाही.

दुसऱ्या सत्राच्या नोंदी हाताने लिहायला घेतल्या आहेत. ५८ मुलांपैकी २१ झाल्या. त्या न बोलणाऱ्या मुलाची राहिली आहे, सोमवारी मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसणार आहे.