भरल्या आंब्याच्या कुल्फीसाठी हापूसची पेटी: घ्यावी, पण बघून

बाठा काढून आत मिश्रण भरून गोठवायच्या या कुल्फीला हापूसच हवा. पायरी रसाळ खरा, पण गर सैल. बाठा ओढला की फळच उसवतं. रायवळ चोखून खावा. देवगड की रत्नागिरी हा वाद इथे बाजूला ठेवलेला बरा. २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही आहेत. भरायला घेताना गावापेक्षा आकार आणि पिकणं बघायचं.

चार किंवा पाच डझनी पेटीतलं फळ मागावं, पाव किलोचं किंवा त्याहून मोठं. सात डझनीतला आंबा आमरसाला चालतो. त्याच्या पोकळीत मावून मावणार किती? अढीतून काढलेला, देठाजवळ दाबल्यावर जेमतेम दबणारा आंबा घ्या. सालीवर सुरकुत्या आल्या असतील तर उशीर झाला, तो फाटणार. उलट, वरून एकसारखा पिवळाधमक पण वास नसलेला आंबा औषध मारून पिकवलेला असू शकतो. तो आत आंबट निघतो आणि बाठा सुटत नाही.

सहा आंब्यांना २०० मिली फ्रेश क्रीम, १२० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ३ मोठे चमचे दूध पावडर, वेलची आणि पिस्त्याचे काप. गॅस लागत नाही. वेगळी साखर नको, कंडेन्स्ड मिल्क आणि हापूस पुरेसे गोड असतात. देठाखाली दीड सेंटीमीटरवर टोपी कापा, लांब पातळ सुरी बाठ्याला घासून गोल फिरवा, चिमट्याने धरून पिळत वर घ्या. हिसका मारलात तर बूड फुटलं. मिश्रण गार करून भरा, काठापासून एक सेंटीमीटर रिकामं ठेवा आणि टोपी परत लावा. गोठताना ते फुगतं आणि टोपी उडवतं. आंबे पेल्यांत उभे करून फ्रीझरमध्ये ८ तास. मे महिन्यात कोकणात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि एकदा वितळून पुन्हा गोठलं की बर्फाचे खडे होतात. म्हणून वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून साल सोलाण्याने काढा आणि दोन सेंटीमीटरच्या चकत्या करा.

हापूसचा खरा दोष म्हणजे साका. बाहेरून कळत नाही. बाठा निघाल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर दिसतो. तापलेल्या जमिनीची धग आणि झाडावर जास्त पिकू देणं, यांनी तो वाढतो. चौदा आणे तयार फळ काढून लगेच सावलीत ठेवणाऱ्या बागायतदाराकडे तो कमी मिळतो. तरीही सहा हवे असतील तर आठ घ्यावे.

पाचपैकी चार गुण, एक साक्यापायी गेला. साका निघालेलं फळ बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.