सेलकर्कची टार्टन गिरणी: मोजणी जुनी, कापड आजचे

एडिनबरोच्या एका दुकानातून काही वर्षांपूर्वी मी टार्टन, म्हणजे स्कॉटलंडचे चौकड्यांचे लोकरी कापड, म्हणून घेतलेला मफलर अ‍ॅक्रिलिकचा निघाला आणि एका हिवाळ्यातच त्याला गोळे आले. म्हणून या वेळी कापड जिथे विणले जाते तिथूनच घ्यायचे ठरवून मी सेलकर्क येथील ‘लॉककॅरन ऑफ स्कॉटलंड’ या गिरणीत गेलो. सेलकर्कला रेल्वे जात नाही. २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेने एडिनबरोहून तासाभरात गॅलाशील्स गाठावे आणि पुढे बसने जावे.

टार्टन म्हणजे नुसते चौकड्यांचे कापड नव्हे. ताण्यात ज्या रंगाचे जितके धागे ज्या क्रमाने असतात, तितकेच धागे त्याच क्रमाने बाण्यातही घ्यावे लागतात, आणि दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाणाऱ्या तिरप्या विणीमुळे, दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे डोळ्यांना तिसराच रंग दिसतो. मोजणी चुकली की नमुनाच बदलतो. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा करून अशा नमुन्यांची सरकारी नोंदवही सुरू केली, यावरून या मोजणीचे महत्त्व ध्यानात यावे. ही शिस्त गिरणीने तसूभरही सैल केलेली नाही. काळानुसार बदल केला आहे तो कापडाच्या वजनात, रंगछटांत आणि वापरात.

त्यातला वजनाचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. किल्टसाठी, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या घड्यांच्या परंपरागत घागऱ्यासाठी, वाराला सुमारे १६ औंस वजनाचे जाड कापड लागते, कारण घड्या नीट पडून राहिल्या पाहिजेत आणि खालचा काठ न दुमडता तसाच ठेवायचा असल्याने तो भक्कम हवा. परंतु आज दिवसभर किल्ट नेसणारे थोडे आणि कोट, स्कर्ट, जाकीट शिवून घेणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी गिरणी ‘स्ट्रोम’ या जाड कापडाबरोबर १३ औंसांचे ‘ब्रेरिआख’ आणि सुमारे १० औंसांचे ‘रीव्हर’ विणते. महाराष्ट्रातल्या थंडीला यांपैकी रीव्हरच सोसते. बाकीची दोन इथे उकडतील.

रंगांच्या नावांनी मात्र नवखा ग्राहक गोंधळतो. ‘एन्शंट’ म्हणजे जुने कापड नव्हे, तर वनस्पतिजन्य रंगांची आठवण देणाऱ्या फिक्या छटा. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद छटा. आणि ‘वेदर्ड’ म्हणजे ऊनपावसाने विटल्यासारख्या करड्या-तपकिरी. मोजणी तीच ठेवून एकाच नमुन्याची अशी तीन रूपे देता येतात, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

टार्टनचे अनेक नमुने स्कॉटलंडमधल्या जुन्या घराण्यांच्या नावांशी जोडलेले असतात, पण नव्या नमुन्यांसाठीही इथे दार उघडे आहे. ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या १९९३ च्या संग्रहासाठी ‘मॅकअँड्रियास’ हे टार्टन याच गिरणीने विणले. कोणत्याही प्राचीन घराण्याचे नसूनही त्याची वीण आणि मोजणी इतर कोणत्याही टार्टनइतकीच काटेकोर आहे. घराण्याचा वारसा नसलेल्या माझ्यासारख्याने काय घ्यावे, हा प्रश्न मला होता. कायद्याने कोणालाही मनाई नाही. तरी मी निळा, हिरवा आणि काळा रंग असलेले, एका लष्करी पलटणीशी जोडलेले ‘ब्लॅक वॉच’ निवडले.

कापड स्वस्त नाही. परंतु पोत दाट आहे, हातात घेतल्यावर लोकरीचा जिवंतपणा जाणवतो आणि दोन्ही बाजू सारख्याच देखण्या दिसतात, त्यामुळे ही खरेदी मी निःसंकोच सुचवीन. पुण्यात त्याचे बिनबाह्यांचे जाकीट शिवून घेतले. पुढच्या दोन्ही भागांवर आणि खिशांवर चौकड्या जुळवायच्या तर नेहमीपेक्षा जास्त कापड लागते, हे शिंप्याने मापे घेतानाच सांगितले. मी आणलेल्या सव्वा मीटरमध्ये खिसे जुळले नाहीत. दीड मीटर घ्यावे.